टोकं कुठल्या अंगाला

४ फेब्रुवारी

रोज लिहायची सवय नोकरीतली. प्राणिसंग्रहालयात मी आवारांचा मुकादम होतो. कुठली जाळी सैल झाली, कुठली कडी गंजली, हे संध्याकाळी लिहून मगच घरी यायचं. निवृत्त झालो आणि लिहिण्यासारखं काही उरलं नाही. आता आहे.

चिमी परत आली आहे. आमची एकुलती एक. एक पिशवी, अंगावरचे कपडे आणि डोळ्यांखाली काळं. पहिले दोन दिवस नुसती झोपली. मग थोडं थोडं हिला, म्हणजे तिच्या आईला, सांगितलं आणि हिने मला. जावई कामाला जाताना बाहेरून कुलूप घालून जायचा. तिचा फोन स्वतःकडे ठेवायचा. चष्म्याच्या दुकानातली चांगली नोकरी त्यानेच सोडायला लावली. वर म्हणायचा, तुझ्याच भल्यासाठी. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात उगारायचा का, असं मी हिला विचारलं. ही म्हणाली, "ते तिने सांगितलं नाही, आणि मी खोदून विचारलं नाही."

आज दुपारी तो समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसला होता. हाक मारली नाही, की फाटकापाशी आला नाही. नुसता आमच्या घराकडे बघत बसला. मी बाहेर गेलो तर उठून उभा राहिला आणि नमस्कार केला, जावयाने करावा तसा. मी परत आत आलो.

आमची भिंत कमरेएवढी. एखादं म्हातारं कुत्रंही सहज उडी मारून येईल. कुंपण घालायचं, हे नक्की.

७ फेब्रुवारी

कुंपणवाला आला. टेम्पोभर नमुने आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. "काका, काटेरी तार घ्या, स्वस्त आणि मस्त. काका, जाळी घ्या, वेल चढवता येतो. काका, करंटची तार घ्या, चोराला आयुष्यभर आठवण." मी त्याला बोलू दिलं. उभा जन्म कुंपणांत गेला माझा, हा पोरगा मला शिकवणार.

जाळी नको. तिच्या भोकात पायाचा अंगठा बसतो, आणि अंगठा बसला की माणूस चढला. काटेरी तारेवर गोधडी टाकली की ती तार राहत नाही, गादी होते. भिंतीवर काचा लावू म्हटलं तर ही म्हणाली, "चोर यायचा तेव्हा येईल, मांजर रोज येतं. त्याचे पाय कापायचे नाहीत." करंटचं नाव काढताच तर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तिथेच मी कपडे वाळत घालते. मला मारायचंच असेल तर दुसरा काहीतरी साधा उपाय शोधा."

म्हणजे उभे लोखंडी गज. दीड माणूस उंच, खाली माणसाच्या उंचीएवढा पत्रा, म्हणजे रस्त्यावरून आतलं काही दिसणार नाही.

चिमी दाराशी उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "बाबा, पत्रा नको. मला रस्ता दिसू दे. तो कुठे आहे ते दिसलं की भीती कमी वाटते."

मी म्हणालो, "तू कशाला बघत बसतेस? बघायला मी आहे ना."

ती काही बोलली नाही. लहानपणापासून अशीच, समजूतदार.

९ फेब्रुवारी

जेवताना वाद झाला. चिमीला पोलिसात तक्रार द्यायची आहे. मी नको म्हणालो. तक्रार म्हणजे चारचौघांत शोभा, ठाण्याच्या पायऱ्या, नको नको ते प्रश्न. त्यापेक्षा आपलं घर आपण पक्कं करू, मग बसेल तो पायरीवर वाट बघत.

ही ताटात बघत म्हणाली, "तिने तक्रार मागितली, तुम्ही कुंपण देताय."

बायकांना कुंपणातलं काही कळत नाही.

मागच्या बोळात उघडणारं लाकडी फाटक बंद करायचं मी ठरवलं आहे. हिला राग आला, कारण त्याच फाटकात उभं राहून शेजारच्या मास्तरांच्या बायकोशी तिच्या गप्पा चालतात. पण जितकी दारं तितके घोर. एक घर, एक दार, एक किल्ली.

१२ फेब्रुवारी

चिमीचा फोन मी माझ्या कपाटात ठेवला. त्याचे निरोप सारखे येत होते. आधी माफी, मग धमकी, मग परत माफी. ते वाचून ती तासन्‌तास खिडकीपाशी बसायची. म्हटलं, वाचूच नये. तिने फोन देताना एकदाच माझ्याकडे पाहिलं. वाटलं, काहीतरी म्हणेल. पण दिला.

संध्याकाळी कुंपणवाल्याचा फोन. "काका, गजांची वरची टोकं वळवून देतो, म्हणजे चढणाऱ्याला अडसर. कुठल्या अंगाला वळवायची?"

"आत," मी म्हणालो.

"आत? नक्की?"

"अरे बाबा, बिबट्याच्या आवाराची टोकं वळवली आहेत मी. आत वळवली की कितीही उंच उडी मारली तरी पंजा वर पोचत नाही. आणि ऐक, आडव्या पट्ट्या बाहेरच्या बाजूने ठोक. आतली बाजू सपाट हवी. पायाला कुठे आधार मिळता कामा नये."

"तुम्ही म्हणाल तसं, काका. घर तुमचं."

कामाला हात घालायच्या आधी गिऱ्हाइकाचं नीट ऐकून घेणारी माणसं आता कमी राहिली आहेत. हा त्यातला निघाला.

१८ फेब्रुवारी

खड्डे झाले. दिवसभर ठोकाठोक. जावई दोनदा येऊन गेला. एकदा तर समोरच्या फुटपाथवर उभा राहून कामगारांशी हसून बोलत होता. काय बोलला असं मी विचारलं, तर म्हणे, "काही नाही काका, काम चांगलं चाललंय म्हणाला."

रात्री झोप लागली नाही. जुन्या गोष्टी आठवत राहिल्या. बिबट्याची एक मादी होती आमच्याकडे, तिला सगळे 'बाई' म्हणायचे. मी बांधलेल्या आवारातून ती चौदा वर्षांत एकदाही बाहेर पडली नाही. साहेब पाहुण्यांना माझं कुंपण कौतुकाने दाखवायचे. बाई मात्र कडेकडेने फेऱ्या घालायची, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, गवतात पांढरी वाट पडली होती. जनावरांचे डॉक्टर म्हणाले होते, मन रमेनासं झालं की असं करतात. मी म्हणालो होतो, सुरक्षित आहे ना, मग झालं.

२४ फेब्रुवारी

कुंपण उभं राहिलं. काळा रंग, सरळ गज, वर एकसारखी वळलेली टोकं. आतून हात फिरवून पाहिला, कुठे खाच नाही की खोबण नाही. मास्तर बघायला आले. म्हणाले, "अहो, घर केलंत की तिजोरी?" मी हसलो. कुणी मनापासून वाखाणलं की बरं वाटतं.

किल्ली माझ्या खिशात. रात्री उशीखाली.

कितीतरी दिवसांनी गाढ झोपलो.

१ मार्च

चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाईंचा हिच्या फोनवर फोन आला, मी उचलला. चिमीची जागा अजून रिकामी आहे, ती परत येईल का, असं विचारत होत्या. बाई चांगल्या आहेत. पण दुकान भर बाजारात, आणि त्याला ते माहीत आहे. मी सांगितलं, ती परगावी गेली आहे, कधी येईल सांगता येत नाही.

चिमीला बोललो नाही. उगाच जीव वर-खाली व्हायचा तिचा.

ही माझ्याशी बोलेनाशी झाली आहे. चहा मिळतो, पण कप टेबलावर जरा जोरात आपटतो.

८ मार्च

सगळं शांत. जावई पाच-सहा दिवस दिसला नाही. मास्तरांना म्हणालो, बघा, कुंपणाचा वचक.

चिमीची तब्येतही सुधारते आहे. सकाळी उठली की अंगणात फिरते. कुंपणाच्या कडेने जाते, कोपऱ्यावर वळते, परत येते. दुपारीही फिरते. मी व्हरांड्यात पेपर वाचत बसतो आणि ती पुढून जाते, पुन्हा जाते. चालणं चांगलंच. मागे फाटक होतं तिथे क्षणभर थांबते आणि गजावर हात ठेवते, तेवढंच.

हिने आज तोंड उघडलं. "अहो, तिला बाजारात नेऊन आणते. दोघी जाऊ आणि दोघी येऊ."

"काय आणायचंय ते सांग, मी आणतो."

"काही आणायचं नाही. तिला न्यायचंय."

मी नाही म्हणालो. जरा मोठ्याने म्हणालो असेन. चिमी बाहेरून फिरताना थांबली आणि मग परत चालायला लागली.

१३ मार्च

कुंपणाच्या आतल्या कडेचं गवत मेलं आहे. घरामागे तर हातभर रुंद माती उघडी पडली आहे. कामगारांनी सिमेंट सांडलं असणार. चांगलं खत आणून टाकायला हवं.

फाटकाचं कुलूप अडकायला लागलं आहे. नवं असून हे हाल. तेल घालायला हवं.

१७ मार्च

कसं लिहावं कळत नाही. पण घडलं त्या क्रमाने लिहितो.

सकाळी कुलपासाठी तेल आणायला निघालो. दोघी मागे कपडे वाळत घालत होत्या. मी हाक मारून सांगितलं, बाहेरून कुलूप घालून जातो, लगेच आलो. ही म्हणाली, "अहो, किल्ली ठेवून जा." मी म्हणालो, "कुणी आलं तर भिडेखातर उघडशील." चिमी हातात ओला टॉवेल धरून माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा आता डोळ्यांपुढून हलत नाही.

हार्डवेअरच्या दुकानात गर्दी नव्हती. तेलाची बाटली घेतली आणि परत फिरलो. कोपऱ्यावर आलो आणि हिची किंचाळी ऐकू आली. आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली, हिचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मास्तर आमच्या फाटकाला धरून हिसके देत होते. "किल्ली! किल्ली कुठे आहे? मी पोलिसांना फोन केलाय, पण किल्ली आणा आधी!"

पत्र्याच्या वरून, टाचा उंचावून मी घराच्या कडेने मागपर्यंत पाहिलं. अंगणाच्या त्या टोकाला, जिथे पूर्वी लाकडी फाटक होतं, तिथे चिमी गजांना पाठ लावून उभी होती. जावयाने तिचं मनगट धरलं होतं. त्याचा आवाज चढलेला नव्हता. समजावल्यासारखा बोलत होता, "चल ना घरी, चल." ही कपडे वाळत घालायची काठी दोन्ही हातांनी धरून त्याच्या पाठीशी उभी होती, मारावं की मारू नये या पेचात. मारलं तर तो मनगट पिरगाळेल, हे तिला दिसत होतं.

किल्ली कुलपात घातली. फिरेना. पुन्हा फिरवली. फिरेना. तेलाची बाटली खिशात होती, तिचं बूच निघेना, शेवटी दातांनी काढलं. तेल कुलपात कमी आणि माझ्या हातांवर जास्त सांडलं. निसरड्या बोटांत किल्ली धरता येईना. मास्तरांनी सदऱ्याच्या टोकाने ती धरली आणि आम्ही दोघांनी मिळून फिरवली.

फाटक उघडलं. आणि मी आत धावलो नाही. आवारात माणूस आणि चवताळलेलं जनावर एकत्र सापडलं तर पहिला नियम असा, की जनावराला आधी बाहेरची वाट दाखव आणि त्या वाटेतून बाजूला हो. मी फाटक पूर्ण उघडलं, बाजूला झालो आणि ओरडलो, "दार उघडं आहे. पोलीस येताहेत. जायचं तर आत्ता जा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग उघड्या फाटकाकडे. चिमीचं मनगट सोडलं. ही झटकन मध्ये शिरली. तो अंगणातून चालत आला, धावला नाही. फाटकाशी येऊन माझ्यापुढे थांबला, शर्टाची बाही नीट केली.

"कुंपण झकास केलंत, बाबा," तो म्हणाला. "एवढं तर मीही केलं नव्हतं."

पोलिसांनी त्याला पुढच्या चौकात धरलं.

चिमीच्या मनगटाला सूज आहे. उजव्या हाताची तीन नखं मुळापासून तुटली आहेत. ती त्याने तोडलेली नाहीत. तो वरून उतरला तेव्हा मागचं फाटक होतं तिकडे ती पळाली, सवयीने. तिथे फाटक नव्हतं. मग तिने चढायचा प्रयत्न केला. आतली बाजू सपाट आहे.

"आणि तो?" मी हिला विचारलं. "तो कसा चढला?"

"शिडी चढावी तसा," ही म्हणाली. "तुमच्या पट्ट्यांवर पाय देत."

१८ मार्च

पहाटे उठून कुंपणाची पाहणी केली. नोकरीत करायचो तशी, एका कोपऱ्यापासून सुरू करून पुन्हा त्याच कोपऱ्यापर्यंत. आधी बाहेरून. पट्ट्यांवर त्याच्या बुटांची माती आहे. सगळ्यात वर, टोकं आत झुकलेली, तिथे पोट टेकून घसरायला सोय आहे. बाहेरून येणाऱ्याला माझ्या कुंपणाने कुठेच अडवलेलं नाही.

मग आतून. मेलेलं गवत नीट पाहिलं. खाली बसून पाहिलं. सिमेंट नाही. तिथे सिमेंटचा एक कणही नाही. कडेकडेने गेलेली, कोपऱ्यावर वळलेली आणि फाटकाच्या जागी जरा रुंद झालेली एक वाट आहे. पायांनी पडलेली.

ही वाट मी ओळखतो. चौदा वर्षं रोज पाहिली आहे.

तिथेच मातीत बसून राहिलो. रडलो, लपवून काय उपयोग. ही बाहेर आली आणि शेजारी बसली.

१९ मार्च

चिमीला फोन परत दिला. दुकानातून फोन आला होता आणि मी खोटं बोललो, हेही सांगितलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "आईला त्या बाई नंतर बाजारात भेटल्या होत्या."

"मग बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "बाबा, तिकडे बोलले की आणखी एक कुलूप लागायचं. ती सवय अजून गेली नाही."

यापेक्षा तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

दुपारी दोघी ठाण्यात जाऊन तक्रार देऊन आल्या. मी येऊ का, असं विचारलं. चिमी नको म्हणाली. मी घरी बसलो.

२३ मार्च

चिमी गेली. दुकानाजवळ मैत्रिणीबरोबर खोली घेतली आहे, सोमवारपासून कामावर. त्याला तिच्या आसपास फिरकायला मनाई झाली आहे असं मास्तर सांगत होते, पुढचं कोर्टात. खोलीचा पत्ता हिला माहीत आहे. मला सांगितलेला नाही. मी विचारलाही नाही.

जाताना पाया पडायला वाकली, नखांना पट्ट्या होत्या. मी तिला मध्येच उठवलं. फाटक आधीपासून उघडून ठेवलं होतं.

२ एप्रिल

कुंपणवाल्याला बोलावलं. त्याने वर पाहिलं आणि जीभ चावली. "तरी मी विचारलं होतं, काका. बाहेर वळवून देऊ सगळी?"

"पत्रा काढ," मी म्हणालो. "पट्ट्या आतून लाव. टोकं बाहेर वळव. आणि मागे फाटक कर, जिथे होतं तिथेच. कडी आतून. कुलूप नको."

"कुलूप नाही? मग सुरक्षेचं काय?"

"आत असेल त्याला वाटेल तेव्हा बाहेर पडता यायला हवं. तेवढं बघ."

त्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

११ एप्रिल

संध्याकाळी चिमीचा फोन येतो. ही फोन घेऊन अंगणाच्या टोकाला जाते. मी आतच थांबतो, बोलणं ऐकू येऊ नये म्हणून रेडिओ लावतो. तिला कसं आहे, जेवते का, हे सगळं हिच्या चेहऱ्यावरून वाचायला शिकलो आहे.

आज ही लवकर आत आली आणि फोन माझ्यापुढे धरला. "घ्या. तुमच्याशी बोलायचंय म्हणते."

रेडिओ बंद करायला गेलो तर आवाज आणखी मोठा केला. शेवटी प्लगच काढला.

"बाबा," चिमी म्हणाली, "आई म्हणाली, मागचं फाटक परत केलंय."

"केलंय."

"कुलूप?"

"नाही. नुसती कडी. आतून."

तिकडे रस्त्यावर गाड्या जात होत्या, कुणीतरी हसलं. ती बाहेर कुठेतरी उभी होती, उघड्यावर.

"मग रविवारी येते," ती म्हणाली. "मागून येईन. आणि संध्याकाळी परत जाईन."

"जा," मी म्हणालो.